तीनदाच चालणारा कोड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. आम्ही वसईजवळच्या पापडी गावचे ख्रिस्ती, दर वर्षी उपवासकाळात फादरांसमोर जाऊन पापं सांगतो. तिथे मी आईवर ओरडलो ते सांगितलं, रविवारची मिस्सा चुकवली ते सांगितलं, शेजाऱ्याचं वाईट चिंतलं तेही सांगितलं. हे एक दर वर्षी जिभेवर येतं — आणि मी ते गिळून बाहेर येतो. आणि गोष्ट कसली म्हणाल, तर कॉम्प्युटरवरच्या एका गेमची! हसा हवं तर. मीही कितीतरी वर्षं स्वतःला हेच सांगत होतो, की अरे, गेमच तर होता.

माझं विरारला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर पोरं येतात, नोकरीवाले येतात, आणि गेमच्या नावाने बोटं मोडतात. गंमत अशी, की फुकटचा चोरीचा गेम उतरवलेला माणूस कधी रडत येत नाही. रडत येतो तो पैसे मोजून घेतलेला. घरचं इंटरनेट गेलं, की त्याचा गेम बंद. आता एकट्याने खेळायचा गेम, त्याला इंटरनेट कशाला हवं? पण नाही. आधी कंपनीचं एक खातं उघडा, मग दुसऱ्या कंपनीचं उघडा, मग फोनवर आलेला नंबर टाका. मदरबोर्ड बदलला, की स्वतःच्या पैशाने घेतलेला गेम तोंड वर करून विचारतो, तू कोण? अशा गिऱ्हाइकाला मी पाणी देतो आणि माझं ठरलेलं वाक्य टाकतो — चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! तो मान डोलावतो. वाक्य खरंच आहे. मी त्या वाक्यामागे किती वर्षं लपून बसलोय, ते त्याला कुठे माहीत?

सावियो आमच्या शेजारचा. मधे एक विहीर आणि केळीच्या दोन रांगा, एवढंच अंतर. त्याचे वडील नंदाखाल गावच्या शाळेत गणित शिकवायचे. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, मीही सरच म्हणायचो. सडपातळ माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत. पण चोरीची वस्तू घरात चालायची नाही. दुसऱ्याच्या वाडीतलं पडलेला नारळही उचलू द्यायचे नाहीत.

आम्ही बारावीला होतो. आमच्या सगळ्या टोळीकडे विरार स्टेशनबाहेरच्या टपरीवरून आणलेल्या नकली डिस्क असायच्या. सावियोकडे नाही. त्याने सरांमागे वर्षभर भुणभुण लावली, सरांनी अकरावीत पहिला वर्ग मिळवायची अट घातली, पठ्ठ्याने ती पुरी केली, आणि मग त्याच्या घरी खराखुरा डबा आला. आत डिस्क, एक पुस्तिका, आणि पुस्तिकेच्या मागे चिकटवलेला पंचवीस अक्षरांचा कोड. आम्ही सगळे तो डबा बघायला गेलो होतो. सावियोने आम्हाला हात धुवायला लावले होते, खरं सांगतो.

गेम बसवून द्यायला त्याने मलाच बोलावलं. कॉम्प्युटरमधलं मला जास्त कळतं, असं तोच सगळ्यांना सांगायचा. मी गेम टाकला, कोड टाकला. तो कोड इंटरनेटवरून कंपनीकडे जायचा, कंपनी 'हो' म्हणाली की गेम उघडायचा. आणि हे 'हो' कंपनी एका कोडला तीनदाच म्हणायची. तीन कॉम्प्युटर, बस्स. डब्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत तसं छापलं होतं. असलं कुणी वाचत नाही. मी वाचलं होतं.

आता इथे मला थांबावंसं वाटतंय. पण थांबून काय करू?

सावियो चहा आणायला आत गेला, तेवढ्यात मी तो कोड बसच्या तिकिटामागे उतरवून घेतला. पंचवीस अक्षरं. दोनदा ताडून पाहिली. डिस्क दुसऱ्या दिवशी मागून नेली — माझा ड्राइव्ह नीट चालतो का बघतो, म्हणालो — आणि तिची नक्कल काढून परत दिली. का? माझ्याकडे टपरीवरची डिस्क होती की. पण तिच्यावर ऑनलाइन खेळता यायचं नाही, आणि सावियो ऑनलाइन खेळायचा, त्याच्या तोंडून रोज ते ऐकावं लागायचं. माझा जळफळाट व्हायचा. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर सांगितलं असतं.

तर सावियोचा एक 'हो', माझा एक. उरला एक. तो तरी ठेवावा की नाही? क्लासमध्ये विरारचा एक मुलगा होता, प्रशांत. भारी मशीन होतं त्याचं, आणि तो मला चारचौघांत 'बॉस' म्हणायचा. एवढ्यावर फुगून मी सावियोचा तिसरा 'हो' त्याला देऊन टाकला. सावियो तेव्हा बरोबरच होता, क्लासच्या बाहेर वडापाव घेत होता.

चार महिने काही झालं नाही. मग एके दिवशी आमच्या भागात लाइट गेली, आली, परत गेली, आणि सावियोची हार्ड डिस्क उडाली. नवी बसवायला कोण? मीच. सगळं परत टाकलं, शेवटी गेम टाकला. सावियो शेजारी खुर्ची ओढून बसला होता आणि पुस्तिकेतून एकेक अक्षर मोठ्याने वाचत होता, मी टाइप करत होतो. नवी हार्ड डिस्क म्हणजे कंपनीच्या लेखी चौथा कॉम्प्युटर, तेव्हा पडद्यावर काय येणार ते मला माहीत होतं. तरी मी पंचवीसच्या पंचवीस अक्षरं शांतपणे टाकली. आलं — या कोडची मर्यादा संपली आहे.

सावियो म्हणाला, "चुकलं असेल, परत टाक." मी परत टाकलं! परत तेच आलं. मग मी कंपनीला अशा शिव्या घातल्या, की सावियोच मला गप्प करायला लागला, पप्पा आत आहेत म्हणून.

त्याने कंपनीला मेल लिहिला. डब्याचा फोटो जोडला. आठवड्याने उत्तर आलं, की तुमचा कोड तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर वापरला गेला आहे, नवा मिळणार नाही. उत्तर इंग्रजीत होतं, म्हणून सावियो ते सरांकडे घेऊन गेला. आपलं पोर इतकं निर्धास्त होतं, बघा. सरांनी ते वाचलं आणि विचारलं, आपल्या घरी कॉम्प्युटर किती? एक. मग बाकीचे दोन कुणाचे? सावियो म्हणाला, मी कुणालाच दिला नाही. दोनदा म्हणाला, तीनदा म्हणाला. मग भिंतीजवळच्या टेबलावरचं बायबल उचललं आणि त्यावर हात ठेवला.

सर म्हणाले, "ते खाली ठेव. खोट्या शपथेची आणखी भर नको."

मी तिथेच होतो. दाराजवळच्या स्टुलावर. मग सर माझ्याकडे वळले. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, मला कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणून. "मेल्विन, तू सांग. असं आपोआप होऊ शकतं का?"

काय बोलायला हवं होतं? मीच घेतला सर, म्हणायचं होतं. ते नाही तर निदान, हो सर, होतं असं, कंपन्या गोंधळ घालतात, एवढं तरी म्हणायचं होतं. खोटं असतं, पण पोरगा सुटला असता. मी दोन्ही म्हणालो नाही. कारण सरांना मी ओळखत होतो. कंपनीची चूक आहे म्हटलं असतं, तर सरांनी पत्रावर पत्रं लिहिली असती, ते तीन कॉम्प्युटर कुठले ते कळवा म्हणून. गणित सुटेपर्यंत सोडणारा माणूसच नव्हता तो. आणि गणित सुटलं असतं, तर उत्तर विहिरीच्या पलीकडे राहत होतं. म्हणून मी म्हणालो, "नाही सर. कोड कुणीतरी दिल्याशिवाय असं होत नाही."

बघा, वाक्यात खोटं एक अक्षर नाही.

सावियोने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्याला वाटलं, याला जे माहीत आहे ते हा सांगतोय, हा तरी काय करणार? सर 'ठीक आहे' म्हणाले, डबा उचलला आणि कपाटावर ठेवून दिला. सावियोने मुंबईच्या एका संस्थेचा गेम बनवायच्या कोर्सचा फॉर्म आणून ठेवला होता, सर सही करणार होते. तो फॉर्म त्याच डब्याखाली गेला. भांडण नाही, मारहाण नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला बी.कॉम.चा फॉर्म आणून दिला.

संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर बसून सावियो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चोरांनी चोरीच केली तुझी, म्हणालो. चोर सोडून संन्याशाला फाशी — हे वाक्य मी पहिल्यांदा तिथे वापरलं. करून सवरून नामानिराळा म्हणतात ना, तो मी. वर घरी जाऊन मी तोच गेम खेळलो. हो, त्याच रात्री. आणि हरलोही नाही.

पुढे काय व्हायचं? आयुष्य चाललं. सावियो विम्याच्या ऑफिसात लागला, चांगलं चाललंय त्याचं. पण सरांच्या मनातून ते कधी गेलं नाही. मोठे झाल्यावर बापलेकांत असल्या गोष्टी विरून जातात म्हणतात, इथे ती विरली नाही. लग्न झालेला मुलगा, पण तो डॉक्टरांना भेटून आलो म्हणाला, की सर दवाखान्यात फोन करून खात्री करून घ्यायचे. सावियोच्या समोर. आणि मला मात्र म्हणायचे, मेल्विन, तू बघून घे रे, तुझ्यावर सोपवतो. शेवटच्या आजारपणातही कागदपत्रांची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली होती. मी घेतली. सर जाऊन दोन वर्षं झाली. त्या आजारपणात मला किती वेळा त्यांच्या खाटेशेजारी एकट्याला बसायला मिळालं, सांगू? रोज. दीड महिना. मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो.

आता सावियो विरारला फ्लॅटमध्ये राहतो. मागच्या महिन्यात त्याने मला रविवारी जेवायला बोलावलं. बोलवायला कारणही होतं. त्याच्या मुलीचा, मिशेलचा गेम अडकला होता. पोरगी तेरा वर्षांची, वाढदिवसाला मिळालेला गेम. पडद्यावर आलं होतं, की तुमचं खातं जास्त कॉम्प्युटरवर वापरलं गेल्यामुळे बंद केलं आहे. इतक्या वर्षांनी भाषा बदलली, वाक्य तेच. मी खुर्चीत बसलो आणि ते परत एकदा वाचलं.

सावियोने तिला एकदाच विचारलं, पासवर्ड कुणाला दिलास का? ती नाही म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. मी वाट बघत होतो — आता हा पुढचं विचारेल, मग बाकीचे कॉम्प्युटर कुणाचे? त्याने नाही विचारलं. "नाही म्हणाली ना? मग नाही," असं म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "बघ रे मेल्विन, काय करता येतं ते." बस्स. एवढंच. तिने दिला होता की नव्हता, मला आजही माहीत नाही, आणि त्यालाही नाही. त्याला ते जाणून घ्यायचंच नव्हतं. ती नाही म्हणाली, हे त्याला पुरलं.

मी कंपनीला लिहून खातं सोडवलं. दोन दिवसांचं काम. पण ते नंतर. त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो, ताटात गरम फुगे, म्हणजे आमच्याकडचे मैद्याचे तळलेले गोळे, होते आणि सावियोला एकदम आठवलं. हसत म्हणाला, "माझ्या वेळी पप्पांनी एवढंच म्हणायला हवं होतं रे. नाही म्हणतोय ना, मग नाही." मग माझ्याकडे बघितलं. "तू होतास ना तेव्हा तिथे?"

मी म्हणालो, "होतो."

त्याने मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी दोन फुगे वाढले. मी खाल्ले.