नेब्रास्का, किलोमीटर एकतीस

श्रीरंग खांबेट्यांनी अमेरिकेतल्या पाच राज्यांचे रस्ते बांधले, पण अमेरिकेत त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं आणि त्यांना मोटारही चालवता येत नव्हती. आम्ही होतो जर्मनीत. रोज सकाळी ते ब्योब्लिंगेनहून बसने झिंडेलफिंगेनच्या कचेरीत येत, हातात दहीभाताचा डबा. "लायसन्स काढा की एकदाचं," मी म्हणायची. "स्नेहलताबाई, आचारी कधी पंगतीत बसतो का?" हे त्यांचं उत्तर. त्याला तत्त्वज्ञान समजू नये, तो निव्वळ आळस होता. सहा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली आहेत मी.

आमची कंपनी छोटी. मोटारींच्या मोठ्या कारखान्यांची किरकोळ कामं करणारी. एका हॉलमध्ये इंजिन काढलेली एक खरी मोटार उभी होती आणि तिच्याभोवती अर्धगोल पडदा. मोटारीत बसून पायडल दाबलं की पडद्यावरचा रस्ता अंगावर यायला लागायचा. २००६ साली एका गिऱ्हाइकाला असं यंत्र हवं होतं जे ड्रायव्हरला झोप लागत आली की ओळखेल. गाड्या अमेरिकेत विकायच्या, म्हणून रस्तेही अमेरिकेतले. ते खांबेट्यांनी संगणकावर बांधायचे, आणि त्यांवरून माणसं गाडी चालवत असताना त्यांच्या पापण्या, पाय आणि हात काय करतात ते मी मोजायचं. मोटारीतला कॅमेरा सतत पापण्यांकडे बघत असे.

तर खांबेट्यांनी पाच राज्यं निवडली. नकाशे, उंचसखलपणाचे आकडे, पर्यटन खात्यांकडून पोस्टाने मागवलेली फुकट माहितीपत्रकं, एवढ्या भांडवलावर हा माणूस कॅन्टीनमध्ये अमेरिकेच्या सृष्टिसौंदर्यावर व्याख्यानं द्यायचा. निसर्गाची प्रतवारी त्यांनी एकाच कसोटीवर लावली होती: माणूस किती मिनिटांत झोपतो.

"व्हरमाँटमध्ये कोणी झोपणार नाही," ते म्हणत. "बुटक्या गोल टेकड्या, लाल झालेली झाडं, दर वळणाला नवीन काहीतरी. बडबड्या पाहुण्यासारखं राज्य आहे ते. यूटा भव्य, पण लाल कड्यांकडे माणूस किती वेळ आ वासून बघणार? दहाव्या मिनिटाला भव्यपणाचा कंटाळा येतो. नेवाडात समोर डोंगर दिसतो, अर्धा तास गाडी हाका, डोंगर तिथेच. पोचलात की पलीकडे तसाच दुसरा. ऑरेगॉन म्हणजे धुकं आणि देवदारासारखी उंच काळी झाडं. फांद्यांतून ऊन लुकलुकत राहतं, त्याने गुंगी येते."

"आणि नेब्रास्का?"

"तिथे काहीच नाही. गवत आणि आकाश. मधे लपायला एक झुडूप नाही." आणि मग जरा थांबून, "मला तेच सगळ्यात आवडतं. तिथे माणूस लांबून दिसतो."

सगळ्यांनी पैज लावली, पहिली झोप नेब्रास्कातच.

जूनमध्ये चाचण्या सुरू झाल्या. पेन्शनर, विद्यार्थी, दोन-चार गृहिणी, अशी चोवीस माणसं. भल्या सकाळी यायची, ताशी शंभरने पाऊण तास गाडी चालवायची आणि पैसे घेऊन घरी जायची. आकडे बघून मी चक्रावले. नेवाडात लोक विसाव्या मिनिटाला पेंगले, ऑरेगॉनमध्ये पंचविसाव्या. आणि नेब्रास्कातून सगळे टक्क जागे बाहेर आले. नीट पाहिलं तर पापण्या सतराव्या मिनिटापर्यंत जड होत होत्या. मग एकतिसाव्या किलोमीटरला खाडकन उघडत होत्या आणि पाय ब्रेकवर जात होता. चोवीसपैकी एकोणीस जणांनी एकाच जागी ब्रेक मारला होता. त्या जागी सरळ रस्ता होता आणि दोन्ही बाजूंना गवत.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही आणि ज्यांचा आहे त्यांच्याशी माझं पटत नाही. प्रोग्राममधला दोष म्हणून मी तो खांबेट्यांच्या नावावर नोंदवला आणि लोकांना फोन केले. बहुतेकांना आठवतच नव्हतं. दोघी म्हणाल्या, "कोणीतरी कडेने चाललं होतं, नाही का?" फोग्ट नावाचे एक निवृत्त टपालमास्तर मात्र हॉलमध्ये परत आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "हो, एक म्हातारी बाई होती. अंगाभोवती लांब कापड, हातात पिशवी. उजवं पाऊल जरा बाहेर टाकत होती. मी हळू झालो, तर ती वाकून गाडीत बघायला लागली. कोणाला तरी शोधत असल्यासारखी."

मी वळून पाहिलं. खांबेटे दारात उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्या दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांची आई, सरलाबाई, २००३ च्या उन्हाळ्यात तीन महिने जर्मनीत राहून गेल्या होत्या. त्यांचा फुटपाथवरून भाजी घेऊन येतानाचा व्हिडिओ खांबेट्यांकडे होता. पडद्यावर माणूस कसा चालेल हे बघायला म्हणून त्यांनी त्या चालीवरून एक आकृती केली आणि नेब्रास्कात ठेवली, किलोमीटर एकतीसला. चिपळूणला धुळीच्या रस्त्यावर गाडी आली की आई थांबायची आणि पाठ फिरवायची, तेसुद्धा त्यांनी तिच्यात घातलं. पण गिऱ्हाइकाला रस्ता रिकामा हवा होता. फेब्रुवारीत त्यांनी आकृती काढून टाकली.

मार्चमध्ये चिपळूणहून भावाचा फोन आला, आईला हॉस्पिटलात ठेवलंय, ती सारखी तुला विचारतेय. काम गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची तारीख, आमच्या भाषेत आबगाबे, तोंडावर आली होती. "आठ दिवसांत येतो, एवढं हातावेगळं करून," खांबेटे म्हणाले. सहाव्या दिवशी आई गेली.

"बारा दिवस सुट्टी, उरलाउब, घेतली होती मी," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी विचारलंत, सुट्टी कशी झाली म्हणून. मी म्हटलं, छान."

मला फार लाज वाटली. विचारणाऱ्यांत मीच पहिली होते.

"पण मी तिला पाठ फिरवायला शिकवलं होतं, स्नेहलता," खांबेटे म्हणाले. "वाकून बघायला नाही."

आम्ही दोघांनी मिळून तो प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. आकृती नव्हती, तिची सावलीही नव्हती. सगळा नेब्रास्का मुळापासून पुन्हा तयार केला. नवीन दहा माणसं बोलावली, त्यांतल्या आठांनी ब्रेक मारला. शेवटी मी स्वतः बसले. भर दुपार होती, हॉलबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. एकतिसावा किलोमीटर आला आणि माझा पाय आपणहून उचलला गेला. मला काही दिसलं नाही. एवढंच वाटलं, की कडेने कोणी चाललंय, तिच्या अंगावर धूळ उडायला नको. मग डाव्या काचेशी कोणीतरी वाकल्यासारखं झालं. मी मान वळवली नाही. भीती वाटली मला, सरळ सांगते. उतरले तेव्हा पाठीचा ब्लाउज भिजला होता.

"होती ना?" खांबेट्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्या क्षणी त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. मत्सर होता.

त्यानंतर त्यांचं एकच सुरू झालं. त्यांना तिला एकदा बघायचं होतं. गाडी येत नव्हती, मी शिकवली. नेब्रास्कात वळायचं नसतंच, त्यामुळे अवघड काही नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत दहीभात टाकून ते मोटारीत बसत. अठरा मिनिटं जात, एकतिसावा किलोमीटर येई आणि निघून जाई. ते उतरत आणि विचारत, "ब्रेक लागला?" मी पडद्यावरचा आकडा वाचून सांगे, "नाही."

एकदा ते चिडले. "परक्या माणसांना दिसते! त्या टपालवाल्याला दिसते! तिला जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं, आणि त्याच्या गाडीत वाकून बघते!"

"त्याच्या गाडीत ती त्याला बघत नव्हती," मी म्हणाले. म्हणायला नको होतं.

सतरा वेळा झालं. इकडे गिऱ्हाइकाने पत्र पाठवलं: तो भाग सदोष आहे, गुरुवारपर्यंत सगळा नेब्रास्का काढून टाका, जुनी प्रतही ठेवू नका, त्याऐवजी कॅन्सस बांधा. गुरुवारी सकाळी दहाला खांबेटे अठराव्यांदा बसले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मी आकड्यांसमोर बसले. खोटं सांगायचं मी ठरवून आले होते, की पाय जरासा हलला. तिसावा किलोमीटर गेला. एकतिसावा आला. पाय पायडलवर होता तिथेच राहिला. उतरल्यावर त्यांनी विचारलंच नाही.

"रागावली आहे," ते म्हणाले. "बरोबर आहे तिचं. आठ दिवस म्हटलं होतं मी." मग टेबलाशी जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने नेब्रास्का पुसला, सगळ्या प्रतींसकट. मी अडवलं नाही.

सोमवारी मी शेवटचा अहवाल लिहायला घेतला. चाचणीत न धरलेल्या फेऱ्या वेगळ्या काढायच्या होत्या, म्हणून खांबेट्यांच्या अठरा फेऱ्या उघडल्या. इतके दिवस मी फक्त त्यांचा पाय बघत होते. पापण्यांचा आलेख पहिल्यांदाच पाहिला. अठराच्या अठरा वेळा, एकतिसाव्या किलोमीटरला त्यांचे डोळे मिटलेले होते. पूर्ण तीन सेकंद. ती डुलकी नव्हती, डुलकीत पापणी हळूहळू उतरते. या खटकन मिटल्या होत्या, मारायला हात उगारल्यावर मिटतात तशा.

मी कागद छापून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ वाचला.

"शक्य नाही," ते म्हणाले. "मला सबंध वेळ रस्ता दिसत होता. गवत, ढग, सगळं. रिकामा रस्ता."

"डोळे मिटलेले होते, खांबेटे. कॅमेरा खोटं बोलत नाही."

"म्हणजे ती होती."

मी कागदावरच्या त्या तीन सेकंदांवर बोट ठेवलं.

"काचेशी वाकून बघत होती. मी सापडलोही असेन तिला. आणि मी..." ते उठले, पुन्हा बसले. "एखादी प्रत उरली असेल का कुठे?"

ते उत्तर माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं, म्हणून मी सांगितलं, "नाही."

त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"आता तिच्या रस्त्याने गाडीच येणार नाही," खांबेटे म्हणाले.