टॉवेल पांघरलेला कंप्युटर

सकाळपासून दाक्षायणी त्या कंप्युटरला शिव्या घालत होती आणि तो मेला ढिम्म हलत नव्हता. पडद्यावरच्या मोराचं एक पीस जरा खाली सरकवायचं म्हटलं तर चहा पिऊन यावं, तरी पीस आपलं जागच्या जागी! टॉवेलांची नक्षी कंप्युटरवर काढून देणं हा तिचा धंदा. आधी ती मान मोडेस्तोवर टॉवेलांच्या कडा शिवायची. नक्षी जमायला लागली आणि ते सुटलं. आज दुपारपर्यंत टॉवेल कारखान्याच्या हरिबाशेठना मोराची नक्षी हवी होती. त्यांनी तिच्यासाठी माग मोकळा ठेवला होता. एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. हे हुकलं तर शेठ पुन्हा दारात उभं करणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं दुरुस्तीवाल्या बिलालला फोन लावला. "बिलालभाई, प्रोसेसर शंभर टक्के दाखवतोय की! माझा जीव जायची वेळ आली."

"कुठला प्रोग्राम खातोय ते बघा वहिनी. नको ते बंद करा."

तिनं बंद केलं. एकमेकांच्या उरावर बसलेले दोन अँटीव्हायरस होते, त्यातला एक काढून टाकला. आकडा जरा उतरायचा, की परत वर. शेठचा फोन येऊन गेला. पुन्हा वाजला तेव्हा तिनं उचललाच नाही. "सिद्धेश्वरा, आजच्या दिवस चालू दे रे बाबा," म्हणत ती रडकुंडीला आली.

दुपार टळल्यावर शेवटी बिलालच आला. टेबलाखाली वाकला आणि त्यानं कपाळावर हात मारला. "याला पांघरूण कुणी घातलं?"

कंप्युटरच्या कॅबिनेटवर जाडजूड टॉवेल होता, चारी बाजूंनी खोचलेला.

"मी घातलंय," तिचा नवरा शिवपुत्र ऐटीत म्हणाला. बाहेरच्या खोलीत त्याचे दोन माग दिवसभर खडखडायचे, घरभर कापसाचा भुगा उडायचा. "भुगा आत जाऊ नये म्हणून. आपल्याच मागावरचा हाय, लई दाट वीण."

"अहो, दाट हाय म्हणूनच गरम हवा आत कोंडली. भुगा तर खालून शिरलाच. प्रोसेसर तापला की मंद होतो, मग साधं कामपण त्याला झेपत न्हाय."

झाकण उघडलं, तर पंख्यावर उशी भरेल एवढा कापूस! शिवपुत्रचं तोंड एवढंसं झालं.

बिलालनं ब्रशनं सगळं साफ केलं. कंप्युटर सुरू झाला आणि मोर बोटासरशी पळायला लागला. दाक्षायणीनं उरलेली पिसं भराभर भरली, फाईल पाठवली आणि शेठना फोन लावला.

"आता पाठवून काय उपयोग, ताई? कारागीर बसून होते. दुसऱ्याची नक्षी चढवली मागावर."

"शेठ, कंप्युटर तापला होता हो..."

"त्याला मी काय करू? इथून पुढं त्याच्याकडनंच घेणार." फोन बंद झाला.

"मी चांगल्यासाठीच केलं गं," शिवपुत्र पुटपुटला. तिनं कंप्युटर बंद केला. रागवायलाही अंगात त्राण नव्हतं.

संध्याकाळी शेजारची रेश्मा कडा शिवायच्या टॉवेलांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन निघाली होती. दाक्षायणी दारात गेली.

"रेश्मा, मला एक गठ्ठा मिळंल का गं?"