वायथिरामावशीची वाफ

एबुरूच्या डोंगरावर ओढा नाही, पण जमिनीतून वाफ उठते. तिथली माणसं वाफेच्या तोंडावर लोखंडी नळ्या बसवतात. वाफ नळीत निवते आणि दुसऱ्या टोकाला पिंपात ठिबकते. वायथिरामावशीचं पिंप उतारावर सगळ्यात जुनं. नवरा गेल्यावर तिनं गायी आणि घर त्याच पाण्यावर चालवलं.

वीज करण्याइतकी वाफ आहे का, हे पाहायला आमची खोल बोअर पाडायची रिग तिच्या घराच्या वर उभी राहिली. मी तिथे पाइप जोडायचो. मावशी रोज चहाची किटली घेऊन यायची.

"काय रे, माझी वाफ चोरणार का?"

"मावशी, आम्ही फार खोल चाललोय. तुझी वाफ वरवरची," फोरमन म्वाउरा म्हणायचा.

"चोरही असंच म्हणतो. कोंबड्या नकोत, नुसतं खुराडं बघतोय."

चाचणीसाठी बोअर उघडला तेव्हा उसळलेल्या वाफेच्या आवाजानं छाती हादरली. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. काही दिवसांनी मावशी रिकाम्या हातानं आली.

"ठिबकत नाही."

म्वाउरानं खाली जाऊन नळीला हात लावला. गार. चाचणी मध्येच थांबवता येत नव्हती. त्यानं टँकर पाठवला, पण त्या पाण्याला डिझेलचा वास. गायींनी तोंड फिरवलं. चाचणी संपल्यावर बोअर बंद केला, तरी नळी गारच राहिली.

मग खालच्या लेलेश्वाच्या झुडपांत गवत करपलेलं दिसलं. वाफेनं तिथे वाट काढली होती. कामाची पाळी संपल्यावर रिगवरचे आम्ही चौघं मावशीच्या नळ्या उपसायला गेलो. चिकणमाती दगडासारखी झालेली. एक जोड हलेना. म्वाउरानं पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून जोर लावला.

"हळू. तो जोड माझ्या नवऱ्यानं आवळलाय."

"मग सोडवायला त्यालाच बोलव."

"तो आला असता तर तुमच्यासारख्यांच्या पाया कोण पडलं असतं?" ती हसली. त्या दिवसांत पहिल्यांदाच.

जोड फिरला. नळ्या खाली त्या नव्या वाफेवर नेल्या, नीट उतार दिला, तोंड मातीनं लिंपलं. नळी तापायला वेळ लागला. मग एक थेंब पडला, त्यामागे दुसरा. मावशीनं ओंजळ धरली, चव घेतली, थुंकली.

"माती आहे. आज गायींना. माणसांना उद्या."

आम्ही पाने गोळा केले आणि चढ चढू लागलो. असं दमणं मला पुढे कुठल्याच रिगवर मिळालं नाही.