कोऱ्या चिठ्ठीचा कोट

माझे बाबा बावीस वर्षं रोज दुपारी चार वाजता एका कोटासमोर बसत. कोट माझ्या आईचा. तो घरच्या कपाटात नव्हता, जुन्या चर्चच्या खांबावर टांगलेला होता.

चर्च तीनशे वर्षांचं. प्रार्थनेची माणसं नव्या इमारतीत गेली, तेव्हा गावानं आपलं जुनंपुराणं सामान इथं आणून ठेवलं आणि त्याला संग्रहालय म्हणायला सुरुवात केली. किल्ली बाबांकडे आली, कारण ते पोस्टमन. कुणाच्या माळ्यावर काय पडलंय ते त्यांच्याएवढं कुणाला माहीत? त्याच वर्षी आई गेली. मी सहा वर्षांची होते.

बाबांचा एक नियम होता. वस्तू देणाऱ्यानं तिच्याबद्दल एक वाक्य सांगायचं, स्वतःच्या शब्दांत, आणि बाबा ते जसंच्या तसं चिठ्ठीवर लिहिणार. सन नाही, माप नाही. 'हा पाळणा. यात आम्ही सात जण रडलो.' 'ही कात्री. हिनं आजोबांनी निम्म्या गावाचे केस कापले आणि एकाचा कान.' आईच्या कोटावर मात्र तळहाताएवढी कोरी चिठ्ठी टाचलेली. देणारे बाबाच, आणि त्यांना वाक्य सापडत नव्हतं. "सुचलं की लिहीन," म्हणायचे. लोकांना वाटायचं, विसरले असतील. मी म्हणायचे, पत्रं वेळेवर पोचवण्यात जन्म गेला आणि स्वतःची चिठ्ठी काही निघेना!

माझं दुकान लवकर बंद झालं की मीही जाऊन बसायचे. बाक एकच उरला होता, आमच्या दोघांचा. रंगीत काचांच्या खिडकीतून ऊन आत यायचं आणि फरशीवरून सावकाश सरकायचं. लाल तुकडा ऐरणीवर चढायचा, हिरवा पाळण्यात उतरायचा, आणि चारला निळा उजेड कोटावर. मग कोटाच्या आत कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. मी डुलक्या घ्यायचे, बाबा जागे असायचे. अर्ध्या झोपेत मला बाहेरची पावलं ऐकू यायची, आणि ती आईचीच असणार याबद्दल मला काडीची शंका नसायची.

"निळा शोभायचा तिला," बाबा म्हणत.

"हिरवा होता," मी म्हणे. केस रंगवायचा धंदा माझा. गावातल्या प्रत्येक डोक्याचा खरा रंग मी सांगेन, आणि आईच्या कोटावरून आमचं रोजचं भांडण.

मग खिडकी डुगडुगायला लागली. काचकाम करणारी एक बाई आली, सगळी खिडकी काढून दुरुस्तीला घेऊन गेली आणि तिथं साधी पांढरी काच बसवली. त्या दिवशी चार वाजता कोटावर पहिल्यांदा नुसतं ऊन पडलं. कोट निळा नव्हता. हिरवाही नव्हता. भांडी घासल्यावर उरलेल्या पाण्याचा जो रंग असतो, तो होता.

"काका, निळ्या काचेतून काहीही निळंच दिसणार," ती बाई म्हणाली. "आणि इतकी वर्षं उन्हात? विटला की हो."

बाबांना हे माहीत नव्हतं होय! बाकी सगळं कापड त्यांनी पडद्याआड ठेवलं होतं. फोटोचा फ्लॅश उडाला तरी ओरडायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पण आईला अंधारात ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं असणार. मी त्यांना बोलले नाही. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

आठवडाभर त्यांनी चर्च उघडलं नाही. "मला ती दिसते गं," म्हणाले, "चेहरा दिसतो, हात दिसतात. अंगावर काय आहे ते दिसत नाही. ते मीच पुसलं." कॉलरखाली मूळ रंग टिकला असता, पण कोटाला कॉलर नव्हती, अस्तर काळं. शिवण उसवून आतला रंग बघू म्हटलं, तर अंगावर धावून आले. मग म्हणाले, "मी किल्ली परत करतो. ज्याला बायकोचा कोट सांभाळता आला नाही, त्यानं लोकांचे पाळणे कशाला सांभाळायचे?"

सोमवारी आम्ही कोट घरी आणायला गेलो. मला राग आला होता. त्यांचा, उन्हाचा, सगळ्यांचाच. "ही तरी काढते आता," म्हणत मी कोरी चिठ्ठी ओढली. गंजलेली टाचणी तुटली आणि चिठ्ठी हातात आली.

खाली पिवळा होता. तळहाताएवढा चौकोन, हळदीसारखा पिवळाधमक, बावीस वर्षं उजेड न लागलेला. अगं बाई! काखेत कळसा नि गावाला वळसा!

बाबांनी त्या चौकोनावर बोट ठेवलं. मग हसायलाच लागले. "पिवळा! अगं, मला लांबचं दिसायचं नाही. पण पोस्टमननं चष्मा लावला तर लोक काय म्हणतील, म्हणून मी लावत नव्हतो. संध्याकाळी ती पुलापाशी येऊन उभी राहायची, आणि मी सायकलवरून सरळ तिच्यापुढून निघून जायचो. दोनदा गेलो. मग बाजारातला सगळ्यात भडक कोट घेऊन आली. म्हणाली, आता चुकवून दाखवा."

एवढं बोलून ते रडले, आणि मीही. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि तिथंच बाकावर बसून चिठ्ठी लिहिली. 'हा कोट पिवळा. मला लांबून दिसावा म्हणून तिनं घेतला.' किल्लीचा विषय पुन्हा निघाला नाही.

कोट आता पडद्याआड असतो, चिठ्ठी शेजारी भिंतीवर. खिडकी परत आली आहे. चारला निळा उजेड रिकाम्या खांबावर पडतो, आणि बाबा तरीही बाकावर बसतात.

परवा मी म्हटलं, "बाबा, आता तिथं काही नाही. काय बघता?"

"आहे," ते म्हणाले. "जरा लांब आहे, पण दिसतेय."