कोपरेकाकांची जाहिरात

आमच्या ह्यांना फोटोतली माणसं दिसत नाहीत, कोपरे दिसतात. कुणी कौतुकाने फोटो दाखवला की हे चष्मा कपाळावर सरकवतात, फोटो मोठा करतात आणि थेट खालच्या डाव्या कोपऱ्यात जातात. "इथे जरा पुसट झालंय," म्हणतात. मध्ये भाचीचं बाळ खिदळत असतं, त्याच्याकडे बघायलाही फुरसत नाही. ह्यांचं लिखाण इंटरनेटवर वाचणारी पोरं ह्यांना कोपरेकाका म्हणतात आणि ह्यांना त्याचा चक्क अभिमान आहे. मी तर हात टेकलेत.

नोकरी केली वजनमापे खात्यात. दुकानदारांचे तराजू तपासण्यात जन्म गेला, पण कुणाच्या दुकानातला कपभर चहा घेतला नाही. निवृत्त झाल्यावर लोक झाडांना पाणी घालतात, ह्यांनी कॅमेरे तपासायला घेतले. दुकानवाले थोडे दिवस वापरायला कॅमेऱ्याची बॉडी देतात, लेन्स देतात. हे ती हाताळून बघतात, वाटलं ते लिहितात आणि पदरमोड करून परत पाठवतात. एकाने "लेन्स ठेवूनच घ्या" म्हटलं, तर त्याच्याशी बोलणं टाकलं. फोनवर बोलायची तऱ्हा तर विचारूच नका. मागे जिन्यात उभं राहून मोठ्यांदा म्हणाले, "बॉडी उद्या दुपारी येतेय ना? ही आहे घरी, ताब्यात घेईल." दुसऱ्या दिवशी शेजारीण तोंड पाडून भेटायला आली. तिची समजूत घालताना माझ्या नाकी नऊ आले.

त्यात वाइड अँगल लेन्स आली की आमची बाथरूम बंद. अशा लेन्समधून एका नजरेत सगळी खोली मावते, पण कडेच्या सरळ रेघा वाकतात म्हणे. किती वाकतात ते बघायला ह्यांना बाथरूमच्या फरशा लागतात. मग ट्रायपॉड आत, हे दारात आणि मी टॉवेल घेऊन बाहेर. "अगं, दोनच मिनिटं," हे म्हणतात, आणि माझी सकाळ जाते.

आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझे गुडघे गेलेत. भाजी घेऊन चढताना प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून उभी राहते. ह्यांना शंभरदा सांगितलं, शंभरदा "हं" आलं. शेवटी मी हात धुवून मागे लागले, की हे घर विकू आणि कुठेतरी तळमजल्यावर जाऊ. हे म्हणाले, "चालेल. अंगण असेल तर फोटोंना उजेड बरा मिळेल."

जाहिरात ह्यांनीच करायची होती. मी सुचवलं, "ती वाइड लेन्स घरात पडलीच आहे, तिनेच काढा की फोटो. खोल्या मोठ्या दिसतील."

"दिसतील. पण आहेत का?"

"अहो, सगळेच तसे काढतात."

"म्हणून तर लोक फसतात," असं म्हणून ह्यांनी साध्या लेन्सने फोटो काढले. त्यात आमच्या खोल्या होत्या तेवढ्याच आल्या, उलट जरा आखडल्यासारख्याच वाटल्या. खाली मजकूर लिहिला. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल येते. आतल्या खोलीची खिडकी अर्ध्यात अडते, खांद्याने ढकलावी लागते. बेसिनचा नळ बंद केल्यावरही ठिबकतो. गॅलरीतला सकाळचा उजेड उत्तम. मी कपाळावर हात मारला. "घर विकायचंय का त्याची अब्रू काढायचीय?" विचारलं, तर म्हणाले, "स्वतःचं आहे म्हणून सूट द्यायची का?"

कितीतरी दिवस कुणी फिरकलं नाही. मग एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. इतकं खरं लिहिणारा माणूस फसवणार नाही, म्हणून हेच घर बघायचंय, असं त्या म्हणाल्या. हे दिवसभर फुलून गेले होते.

बाई आल्या त्या काठी टेकत. दारात पोचल्या तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी टेबलाला धरून उठले, पाणी आणून दिलं. श्वास जागेवर आल्यावर त्यांनी खोल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नळ ठिबकतो हे लिहिलंत," त्या म्हणाल्या. "जिने नाही लिहिलेत?"

ह्यांनी फोन काढून स्वतःची जाहिरात वरपासून खालपर्यंत वाचली. चौथा मजला कुठेच नव्हता. "राहून गेलं," हे म्हणाले. "मला तो त्रास कधी जाणवला नाही."

"तुम्हाला नसेल जाणवला," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून काठी उचलली.

हे त्यांना हाताला धरून खाली सोडून आले. इतके दिवस दाबून ठेवलेलं मग माझ्या तोंडून निघालंच. "मागच्या बॉडीची पकड बारीक होती, मनगट भरून येतं, म्हणून पानभर लिहिलंत. जगाला तुमचं मनगट ठाऊक आहे. माझे गुडघे काय दुसऱ्या कुणाच्या घरात राहतात?"

हे खुर्चीत बसले. मग विचारलं, "कुठला जास्त दुखतो?"

इतक्या वर्षांत ह्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. मला असा संताप आला की रडूच फुटलं. "डावा," मी म्हटलं.

संध्याकाळी ह्यांनी जाहिरात पुन्हा लिहिली आणि मला वाचायला दिली. सगळ्यात वर होतं: चौथा मजला, लिफ्ट नाही. चढताना बायकोचा डावा गुडघा फार दुखतो, उजवा त्याहून कमी. घर विकण्याचं कारण हेच. माझ्याकडून लक्ष द्यायला उशीर झाला.

"आता तर चिटपाखरूही फिरकायचं नाही," मी म्हटलं.

"खोडू का मग?"

तराजूच्या बाबतीत साहेबांनी दटावलं तरी ह्या माणसाने लिहिलेली ओळ खोडली नव्हती. घर विकायची घाई माझीच होती. तरी मी म्हटलं, "राहू दे."