वातीला न चढलेलं तेल

कर्वेनगरमधल्या आमच्या घरी एका रविवारी सकाळी देवासमोर इंजिन ऑइलची समई लागली. जीवितहानी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीची, मुक्ताची, ड्रायव्हिंग लायसन्सची परीक्षा होती; तीही आमच्याच गाडीवर. आधीच्या खेपेला चढावर गाडी मागे घसरली आणि तिला नापास केलं होतं. या वेळीही तसंच झालं, तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही, असं तिने जाहीर केलं होतं. गाडीत काही उणं राहू नये म्हणून ऑइल मी स्वतः बदलायचं ठरवलं. (इथेच कुणीतरी मला अडवायला हवं होतं.)

मुक्ताने अडवलं. "बाबा, गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय. तुम्ही २०डब्ल्यू-५० आणलंत."

"पुस्तकात चूक आहे."

"कंपनीच्या पुस्तकात?"

"छापील मजकुरातल्या चुका काढण्यात माझी हयात गेलीय!"

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. समोर छापलेलं काही आलं की हात पेन्सिलीकडे जातो. डब्ल्यू म्हणजे विंटर, एवढं मी वाचलं होतं. पुण्यात कसला आलाय विंटर? स्वेटर आपण घालतो, तो विकत घेतलाय म्हणून! शिवाय मोठा आकडा म्हणजे दाट तेल आणि दाट म्हणजे सकस, असा निष्कर्ष मी आमटीवरून काढला. पुस्तकातले आकडे खोडले, समासात नवे लिहिले आणि खाली सही केली.

पार्किंगमध्ये जुनं तेल टबात काढलं. इंजिन रिकामं झाल्यावर लक्षात आलं, की नवं ओतायला नरसाळं नाही. वर आलो. ओट्यावर तेलाचा कावळा होता. लांब चोचीचं हे भांडं जणू याच कामासाठी घडवलेलं! तो रिकामा करून त्यात नवं ऑइल भरलं आणि तेवढ्यात जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. पत्रकाराचा फोन, म्हणजे लांबला.

माझ्या सासूबाई अमरावतीच्या. आमच्याकडे राहायला आल्यापासून सकाळची पूजा त्यांच्याकडे असते. त्यांनी भरलेला कावळा उचलला.

"जावईबापू! हे तेल काहून असं करून राह्यलं? वातीला चढूनच नाही राह्यलं!"

धावत गेलो. समईच्या बऱ्याच वाती विझल्या होत्या आणि उरलेली एक विझण्याआधी जमेल तेवढा काळा धूर सोडत होती. बाळकृष्ण मुळात सावळा, त्याचं फारसं बिघडलं नाही. पण शेजारचा संगमरवरी गणपती ओळखू येईना!

दार वाजलं. समोरचे शेखभाई, मार्केट यार्डात त्यांचा कांद्याबटाट्याचा गाळा आहे. "अहो जोगळेकर, आपल्याकडे होम आहे की आग? म्हणजे त्याप्रमाणे नारळ आणतो किंवा बादली."

माझ्या पत्नीने, सुनीताने, कावळा हुंगला. "कुठलं तेल आहे हे?"

"वीस डब्ल्यू..."

"आईच्या वातीला जे चढत नाही, ते गाडीच्या इंजिनात कसं चढणार?"

मी पुस्तकातली माझी सही पुढे केली.

मुक्ताने माझ्या खाडाखोडीच्या वरचा परिच्छेद मोठ्याने वाचला. पहिला आकडा गार इंजिनातल्या तेलाचा. तो लहान, तर तेल पातळ, म्हणजे गाडी सुरू होताच सगळीकडे पोचणारं. दुसरा आकडा तापल्यावर ते किती दाट राहतं त्याचा. "आणि बाबा, गार म्हणजे काश्मीर नव्हे. पार्किंगमध्ये उभी राहिलेली गाडीसुद्धा गारच!" मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "म्हणजे आता इंजिन रिकामं आहे? उद्या गाडी नाही?"



"आहे की गाडी," शेखभाई म्हणाले. "चला जोगळेकर, माझ्या स्कूटरवर बसा. रविवारी उघडं दुकान मी शोधतो. आकडा मुक्ताच्या चिठ्ठीवर असेल, मागणी मी करेन. आपण दुकानात गप्प राहायचं."

ती सकाळ माझ्या आयुष्यातली सर्वांत शांत सकाळ होती. योग्य तेल आलं, इंजिनात गेलं आणि सोमवारी मुक्ता तो चढ अशी चढली, की परीक्षकांनी मान वर करून पाहिलं. पास!

त्या धुराचे मी आजही आभार मानतो. समई जरा उशिरा लागली असती, तर ते सगळं माझ्या हाताने इंजिनात गेलं असतं. शेखभाईंचे आभार मानले, तर ते म्हणाले, "दुकानात गप्प बसलात, हेच पुष्कळ." सासूबाईंचे मानले. त्या म्हणाल्या, "माझं काय, देवानंच घेतलं अंगावर." आणि पुण्याचं पाणी त्यांना किती लवकर मानवलं, याचा पुरावा त्यांनी संध्याकाळी घासलेल्या कावळ्यावर चिकटवला: 'हा कावळा खाण्याच्या तेलाचा आहे. जावयांनी हात लाऊ नये.'

'लाऊ' नव्हे, 'लावू'. मी पेन्सिल काढली, काळ्या गणपतीकडे पाहिलं आणि पेन्सिल परत खिशात ठेवली.