गाळणीची लाँड्री

लाँड्रीवाल्या काकूंना एखादी गोष्ट पटली की पटली. पॉलिएस्टरचे कपडे धुताना प्लास्टिकचे बारीक तंतू सुटतात, ते गटारातून नदीत जातात आणि फिरून आपल्याच पोटात येतात, हे कळल्यावर त्यांनी दोन्ही मशीनना गाळणी बसवली. दारावर पाटी लावली: 'इथे गाळणी लावूनच कपडे धुतले जातात.'

गिऱ्हाइकांनी तोंड भरून कौतुक केलं. समोरच्या इमारतीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, म्हणाल्या, "काकू, तुमच्यासारखी माणसं हवीत!" पण गाळणी सारखी तुंबायची. दर धुण्यानंतर राखाडी लगदा खरवडायचा, म्हणजे कपडे एक दिवस उशिरा. कौतुकवाली मंडळी हळूहळू कोपऱ्यावरच्या लाँड्रीत दिसू लागली. मोठ्या बाईसुद्धा, नजर चुकवत.

"वहिनी, नदी वाचेल, पण आपण बुडू," इस्त्री करणारा दीर म्हणाला. काकू चार दिवस धुमसल्या. मग एका सकाळी गाळण्या काढून त्यांनी माळ्यावर टाकल्या. पाटी मात्र राहू दिली.

कपडे वेळेवर मिळू लागले. गिऱ्हाइकं परतली, पाटी वाचून समाधानानं मान डोलवू लागली. धंदा झकास चालला आणि काकूंच्या जिवाला घोर लागला. मोठ्या बाईंना कळलं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. कुणी गाळणीचं नाव काढलं की काकू उगाच साबणाचा डबा शोधायच्या.

पुढे कायदाच आला. प्रत्येक लाँड्रीला गाळणी सक्तीची. कोपऱ्यावरच्यानं आधी आकांडतांडव केलं, मग निमूट बसवली. काकूंनीही माळ्याला शिडी लावली. आता सगळीकडेच उशीर, पण तक्रार कुणाचीच नाही. "कायदाच आहे म्हटल्यावर काय करणार!" म्हणत लोक शहाण्यासारखे थांबायचे. काकूंना याचा भयंकर राग आला. त्यांच्या शब्दावर हेच लोक एक दिवस थांबले नव्हते.

मोठ्या बाई कपडे घेऊन आल्या तेव्हा दिरानं फुशारकी मारली, "इतरांचं जाऊ द्या बाई, आमच्याकडे पहिल्यापासून गाळणी!"

"पुरे!" काकू कडाडल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "बाई, मधे गाळणी नव्हती. मीच काढली होती. नुसती पाटी होती."

मोठ्या बाई शांतपणे टेबलावर कपडे मोजत राहिल्या.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "कपडे वेळेवर मिळायला लागलेत असं ऐकलं, तेव्हाच कळलं. म्हणून तर मी परत आले."